अर्बाबाच्या मापाचा भिकाजी

तांबाळवाडीतनं आखातात गेलेली माणसं तिकडं काय कामं करतात ते गावाला तोंडपाठ होतं. कोण पाइप जोडतो, कोण क्रेनखाली उभा राहून हात हलवतो, कोण रुवैसच्या रिफायनरीत परातीएवढे नटबोल्ट आवळतो. भिकाजी रेडेकराचं काम मात्र त्याच्या आईला कधी धड सांगता आलं नाही. कुणी विचारलं, "म्हातारे, ल्योक तिकडं काय करतोय?" तर ती म्हणायची, "बसतोय."

लोकांना वाटायचं नोकरी सुटली. चार बाया गूळ-शेंगा घेऊन समाचाराला यायच्या. म्हातारी चिडायची. "आगं भवान्यांनो, पगार घिऊन बसतोय!" त्यावर बाया एकमेकींकडं बघायच्या आणि गूळ तिथंच ठेवून निघून जायच्या. पण म्हातारी खरं तेच बोलत होती. अबू धाबीत भिकाजी पगार घेऊन बसत होता. उभा राहिला तर त्याचा पगार कापत.

तो गेला तेव्हा मात्र रीतसर उभ्या कामाला गेला होता. मुसफ्फा म्हणून अबू धाबीच्या बाहेर गॅरेजांचं एक गाव आहे. मैलभर बघाल तिकडं पत्र्याच्या शेड आणि ठोकाठोकी. तिथं भिकाजी डेंटिंगला हेल्पर होता. चेपलेल्या गाड्यांचे पोचे सरळ करायचे. गॅरेज एका फ्रेंच म्हाताऱ्याचं. त्याचं नाव मुस्यू ओक्ताव, मुस्यू म्हणजे त्यांच्यात मिस्टर. उंच, वाळका, गळ्याला त्या उन्हातही रेशमी रुमाल, आणि कानामागं कायम पेन्सिल. पोटापाण्यासाठी तो ठोकलेल्या गाड्या सरळ करून देई, पण त्याचं खरं काम शेडच्या मागच्या भागात, पडद्याआड चाले.

फ्रान्सात पूर्वीपासनं अशी रीत, की बड्या माणसानं मोटार दुकानातनं आयती आणायची नाही. कंपनीकडनं नुसता सांगाडा आणायचा. चार चाकं, इंजिन, खाली दोन लोखंडी गज. तो कारागिराच्या दारात लोटायचा. कारागीर त्यावर लाकडाची चौकट उभी करणार, अॅल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पोत्यावर लाकडी मोगरीनं ठोकून ठोकून वाकवणार, आणि मालकाला हवी तशी गाडी त्या सांगाड्यावर चढवणार. मुस्यूचा आजा घोड्यांच्या बग्ग्या अशाच बांधायचा. मुस्यूचं म्हणणं असं, की गाडी ही कोटासारखी मालकाच्या अंगावर बेतून शिवायची वस्तू आहे. दुसऱ्याच्या मापाच्या गाडीत बसणं म्हणजे दुसऱ्याचा लेंगा घालणं.

पंच्याण्णव साली असलं एक मोठं काम आलं. गिऱ्हाईक म्हणजे खजूर, सिमेंट आणि एअरकंडिशनरचा एक बडा व्यापारी. गॅरेजातली सगळी माणसं त्याला अर्बाब म्हणत, म्हणजे मालक. त्याला पाहिजे होती मोरासारखी लांब गाडी. बाकी सगळं तुम्ही बघा म्हणाला, पण मागची सीट अशी पाहिजे की बसल्यावर उठावंसं वाटू नये.

मुस्यू म्हणाला, "फार छान. अर्बाबांनी फक्त मापाला यायचं. बारा-पंधरा वेळा बसावं लागेल."

अर्बाब म्हणाला, "मेरे को टाइम नहीं है. और मैं अपना पिछवाड़ा किसी को नापने नहीं देता. खलास."

अर्बाबाच्या शिंप्यानं कंदुऱ्याची मापं पाठवून दिली. कंदुरा म्हणजे अरबांचा तो पांढरा पायघोळ अंगरखा. मुस्यू तो कागद हातात धरून शेडभर येरझारा घालत होता. समोर भिकाजी एका टॅक्सीच्या डिकीत वाकला होता. मुस्यूनं त्याला मागनं बघितलं आणि जागच्या जागी थांबला. खिशातनं टेप काढला, खांदे मोजले, पाठ मोजली, गुडघ्यापासनं टाच मोजली. भिकाजीला वाटलं, म्हातारा कफनाचं माप घेतोय.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं त्याला केबिनमधे बोलावलं. मॅनेजर चंद्रहास कर्णिक, दादरचे. मुस्यूचं बोलणं कामगारांना समजावणं आणि कामगारांचे पासपोर्ट स्टीलच्या कपाटात कुलपात ठेवणं ही त्यांची दोन मुख्य कामं.

"भिकाजी, तुला प्रमोशन आहे. डिपार्टमेंट चेंज."

"कुठलं डिपार्टमेंट, सायेब?"

"सीटिंग."

"म्हंजे करायचं काय?"

"बसायचं."

"बरं. आन् मग?"

"मग काही नाही. बसूनच राहायचं."

भिकाजी हात जोडून म्हणाला, "सायेब, माजं काय चुकलं का?"

कर्णिकांनी समजावलं. उंची, खांदे, मांड्यांची लांबी, सगळं अर्बाबाशी जुळतंय. फक्त पोट आणि बैठक कमी पडतेय. ती कंपनी भरून देईल.

आणि कंपनीनं भरून दिली. रोज दुपारी अर्बाबाच्या स्वैपाकघरातनं डबा येऊ लागला. तुपात निथळणारा भात, त्यावर अर्धा बकरा, गहू आणि मटण एकत्र घोटून केलेली हरीस, खजूर, वर गोड चहा. भिकाजीचा खोलीतला जोडीदार वासुदेव पेंटर, तोही कोल्हापूरकडचाच. तो स्प्रेगन बाजूला ठेवून त्या डब्याकडं बघत राही.

"भिक्या, मर्दा, आमी हितं रंग हुंगून जगाय लागलोय, आन् तुला पंगत."

"घे की दोन घास."

"नगं बाबा. माजं पोट सुटलं तर कोन गाडी बांधनार हाय?"

अर्बाबाचा ड्रायव्हर आठवड्याला फोन करून अर्बाबाचं वजन कळवी. अर्बाब युरोपात गेला आणि तिथल्या डॉक्टरनं त्याला पथ्यावर ठेवलं, तर इकडं भिकाजीला उकडलेली काकडी. अर्बाब परत आला, सुटला, की भिकाजीचा भात परत चालू. श्रावणी सोमवारी भिकाजीनं सवयीनं उपास धरला, तर मुस्यू डोक्याला हात लावून खाली बसला. "तू देवासाठी उपास करतोस, पण देवाला गाडी द्यायची नाही, अर्बाबाला द्यायची आहे," हे त्याचं म्हणणं कर्णिकांनी मराठीत सांगितलं. रमझानात मात्र भिकाजीनं हाय खाल्ली. दिवसभर काही नाही, आणि रोजा सुटला की अर्बाब जे जे खाणार ते ते ह्यानंही खायचं. वासुदेव म्हणायचा, बरं आहे, उपास त्याचा आणि ढेकर तुझा.

बसण्याचं काम असं. लाकडाच्या चौकटीत एक मोठी, वरनं उघडी कातडी पिशवी ठेवलेली. तिच्यात कालवलेलं प्लास्टर. त्यावर भिकाजीनं बसायचं आणि ते आळून दगड होईपर्यंत हलायचं नाही. मग मुस्यू तो साचा काढी, हात फिरवी, कानशीनं घाशी, आणि पुढच्या हप्त्यात परत दुसरी पिशवी. सीटवर बसलेल्या माणसाचं सगळं आयुष्य त्या खड्ड्यात उमटतं असं तो म्हणे.

ह्या बसण्यात एक भानगड होती आणि ती कुणाच्याच ध्यानात आली नाही. मुस्यू ओक्ताव उभा, वयानं बापाच्या जागी. शेजारी कर्णिक साहेब उभे, हातात फाइल. ह्या दोघांसमोर तांबाळवाडीचा माणूस बसणार तरी कसा? आमच्याकडं मामलेदाराच्या कचेरीत बाकावर बसतात तसा. टोकाला टेकायचं, पाठ ताठ, गुडघे जोडलेले, हात गुडघ्यांवर, मान थोडी खाली, आणि अर्धा जीव उठायच्या तयारीत. मागं टेकून बसणं म्हणजे साहेबाला पाय दाखवणं. त्यामुळं भिकाजी आठ महिने त्या प्लास्टरच्या पुढच्या कडेवर बसला.

"कम्फर्टेबल आहे ना?" कर्णिक विचारत.

"लई बेस हाय, सायेब."

आपल्याला अमुक टोचतंय हे मोठ्या माणसाला सांगायची आमच्यात पद्धत नाही. मुस्यूला वाटलं अर्बाबासारख्या देहाची हीच बैठक असावी. त्यानं तो पुढचा खड्डा जिवाच्या करारानं घोटला, वर मऊसूत कातडं चढवलं आणि मागं अक्रोडाच्या लाकडाची पाठ बसवली. ती पाठ बसणाऱ्यापासनं अशी लांब, की मधे एखादं कोकरू निजलं असतं.

इकडं गावाकडं म्हातारीनं भिकाजीचं लग्न ठरवून टाकलं. पोरगी शेजारच्या गावची, नर्मदा. शिकलेली, शिवणकाम येणारी, तोंडानं जरा फटकळ. भिकाजीचा जुना, मुसफ्फाला आल्या आल्या काढलेला फोटो बघून तिनं होकार दिला. फोटोतला भिकाजी काडीवर सदरा वाळत घातल्यागत. म्हातारीनं त्याच मापाचा लग्नाचा कोटही शिवून घेतला. वैशाखातला मुहूर्त निघाला. भिकाजीला त्याच्याशिवाय दुसरं काही सुचेना. तिशी उलटून गेली होती आणि ह्या खेपेला हुकलं तर नर्मदेचा बाप थांबणारा नव्हता. त्यानं म्हातारीला तसं स्पष्ट सांगितलं होतं, की आमच्या दारात दुसरंही स्थळ चप्पल काढून उभं आहे.

भिकाजी कर्णिकांकडं गेला. "सायेब, पासपोर्ट द्या. लगीन हाय."

"कुणाचं?"

"माजंच की."

कर्णिकांनी चष्मा काढला. "इम्पॉसिबल. अर्बाबांची फायनल ट्रायल व्हायची आहे. तू गावी जाणार, हळद, जेवणावळी, नवी बायको. परत येशील तेव्हा माप कुठल्या कुठं गेलेलं असेल. ट्रायल पास झाली की पासपोर्ट हातात. तोपर्यंत नाही."

आणि ट्रायल एकदाची ठरली ती लग्नाच्या आठवडाभर आधी.

गाडी बाहेर काढली तेव्हा मुसफ्फातली ठोकाठोकी थांबली. काळी-करडी, पुढनं नागासारखी लांब, मडगार्ड पाण्याच्या थेंबागत मागं निमुळते होत गेलेले. पठाण, मल्याळी, बंगाली, सगळे हातातली हत्यारं घेऊन बघत उभे. अर्बाब आला. गाडीभोवती एक फेरी मारली, "माशाल्ला" म्हणाला आणि मागं जाऊन बसला.

बसला तो बसताक्षणीच पुढं घसरला. खड्ड्यानं त्याला नेमकं धरलं. पाठ ताठ झाली, गुडघे आपोआप जुळले, हात गुडघ्यांवर आले. मागं टेकायला गेला तर खड्डा सोडेना. एवढा मोठा माणूस, ज्याच्या दारात शंभर माणसं तिष्ठत, तो आपल्याच गाडीत कर्ज मागायला आल्यासारखा बसलेला. त्याच्या तोंडावरचं तेजही जरा उतरलं. मान खाली गेली.

"ये क्या है?" अर्बाब आतनंच म्हणाला. आवाजही बारीक निघाला.

मुस्यू फ्रेंचमधे भराभर बोलू लागला. कर्णिकांनी सांगितलं, सीट बरोब्बर ह्या माणसाच्या मापानं केली आहे, आणि भिकाजीला पुढं ढकललं. अर्बाब कसाबसा बाहेर आला.

"तुम बैठो."

भिकाजी बसला. तोच. त्याच टोकाला, तस्साच. जणू किल्ली कुलपात गेली. अर्बाबानं त्याच्याकडं बघितलं, सीटकडं बघितलं.

"ऐसा क्यों बैठता है?"

"आप खडे हैं ना, अर्बाब," भिकाजी म्हणाला.

अर्बाब एकदम हसायला लागला. म्हणाला, ही सीट काढू नका. तिला फिरवून समोर लावा. माझ्यासमोर कामं घेऊन येणाऱ्यांना ह्याच सीटवर बसवणार. कसलाही उर्मट माणूस असला तरी इथं बसला की नीट बोलेल. "और मेरा सीट दूसरा बनाओ. कल. मैं खुद देखेगा ये आदमी कैसा बैठता है."

भिकाजीनं कर्णिकांकडं बघितलं. कर्णिकांनी मान हलवली. म्हणजे पासपोर्ट परत कपाटात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नवी पिशवी मांडली. समोर खुर्ची टाकली होती, पण अर्बाब बसेना, कमरेवर हात ठेवून उभाच. शेजारी मुस्यू, कर्णिक, ड्रायव्हर.

"रिलॅक्स, मिस्तेर बिकाजी! रिलॅक्स!" मुस्यू ओरडला.

भिकाजीनं श्वास घेतला आणि मागं टेकला. टेकला न टेकला तोच स्प्रिंग सुटल्यागत पुढं आला. परत टेकवला, परत पुढं. वासुदेवानं मागनं खांदे दाबून धरले तर पाय वर यायला लागले. मनानं तयार होता, पण कंबर ऐकेना. तिला तिचे वाडवडील आठवत होते.

"अरे, एवढं काय अवघड आहे?" कर्णिक कावले. "घरी नाही का बसत तू आरामात?"

"घरात तुमी नसता, सायेब."

"डोळे मीट. समज, आम्ही नाही आहोत."

भिकाजीनं डोळे मिटले. "वास येतोय," म्हणाला. अर्बाबानं अंगाला ऊद लावला होता.

पहिली पिशवी वाया गेली. मुस्यूनं दुसरी कालवली आणि सांगितलं, प्लास्टर एवढंच. फ्रान्सातनं मागवलेलं असतं, परत यायला महिना. भिकाजीला रडायचंच बाकी होतं. महिन्यानं नर्मदा दुसऱ्याच्या घरात भाकऱ्या थापत असणार.

वासुदेव त्याच्याकडं बघत उभा होता. त्यानं कपाळावर हात मारला.

"आयला, सायेब! मानूस मोठ्यांच्या म्होरं टेकून कवा बसतोय? सगळे हुबे आन् ह्यो एकलाच बसलेला, आसं कवा आसतंय?"

"कधी?"

"नवरदेव झाल्यावर!"

कर्णिकांना ते एकदम पटलं, कारण दादरलाही नवरदेव असाच बसतो. वासुदेवानं मास्किंग टेपच्या दोन लांब पट्ट्या फाडल्या, त्यांना क्रोमचे चार तुकडे अडकवले आणि मुंडावळ्या म्हणून भिकाजीच्या कपाळाला बांधल्या. खांद्यावर गाडी पुसायचं नवं कोरं पिवळं फडकं टाकलं. पण तेवढ्यानं भागेना. भिकाजी लाजून अजूनच टोकाला गेला.

"पाय धुवाय पायजेत," वासुदेव म्हणाला. "सासरा कोन व्हनार?"

सगळे कर्णिकांकडं बघायला लागले.

"मी? काहीतरीच. मी मॅनेजर आहे."

"सायेब, अर्बाबाला बसवून दाखवायचंय न्हवं? तुमीच वयानं थोरले. आन् सासराबी मॅनेजरच आसतोय."

अर्बाबानं विचारलं काय चाललंय. कर्णिकांनी हिंदीत सांगितलं. अर्बाब म्हणाला, "अच्छा रिवाज है. यल्ला, चलो, धोओ."

कर्णिकांनी पँट सावरली, खाली बसले, आणि रेडिएटरमधे पाणी घालायच्या तांब्यानं भिकाजीचे पाय धुतले. टॉवेलनं पुसले. वासुदेवानं मागं उभं राहून नाकातनं सनई चालू केली.

आणि भिकाजी मागं गेला. सावकाश, वरातीच्या घोड्यावर बसल्यासारखा. आधी पाठ टेकली, मग मान, मग दोन्ही हात बाजूंवर पसरले, पाय लांब झाले, एक पाय दुसऱ्यावर चढला. डोळे अर्धे मिटले. एवढ्या लोकांकडं त्यानं असं बघितलं, जणू हे सगळे वरपक्षाला पंगत वाढायला आलेले. मुस्यूच्या डोळ्यांत पाणी आलं. "वोआला," तो हळूच म्हणाला आणि भिकाजीच्या मांड्यांखालचं प्लास्टर दाबून बसवलं.

प्लास्टर आळलं. मुस्यूनं टिचकी मारून बघितली आणि उठायची खूण केली.

भिकाजी उठेना.

"ऊठ, भिकाजी. झालं," कर्णिक म्हणाले.

"न्हाई."

"नाही म्हणजे?"

भिकाजीनं तोंड दुसरीकडं फिरवलं. "नवरदेव रुसलाय."

वासुदेवाची सनई बंद पडली. मग तो हात जोडून पुढं आला आणि गंभीरपणे म्हणाला, "बराबर हाय. पाय धुतल्यावर नवरदेव रुसतोय. सासऱ्यानं मनवाय पायजे. आमच्याकडं घड्याळ मागत्यात, सायकल मागत्यात. काय पायजे, नवरदेव?"

"पासपोर्ट," भिकाजी म्हणाला.

"हा ब्लॅकमेल आहे!" कर्णिक ओरडले.

"न्हाई सायेब, रुसवा हाय."

मुस्यू घाबरा झाला. प्लास्टर आळताना तापतं, आणि फार वेळ बसलं तर कपड्यासकट चिकटतं. भिकाजीला खालनं चांगले चटके बसत होते, कपाळावर घामाचे थेंब मास्किंग टेपवरनं ओघळत होते, पण त्यानं पायावरचा पाय काढला नाही. कर्णिकांनी नोकरीतनं काढायची धमकी दिली. भिकाजी म्हणाला, सासऱ्यानं आवाज चढवला तर आमच्यात वरात माघारी जाते.

अर्बाबानं ड्रायव्हरकडनं सगळं परत एकदा समजून घेतलं. मग कर्णिकांना विचारलं, "इसका ससुर कौन है?"

"मैं... म्हणजे टेम्पररी—"

"पैर किसने धोया?"

"मैंने."

"तो फिर दे दो. दूल्हा को नाराज नहीं करना. हराम है."

स्टीलचं कपाट उघडल्याचा आवाज सगळ्या शेडनं ऐकला. पासपोर्ट हातात आला तसा भिकाजी उठला. पँटचा मागचा भाग प्लास्टरमधेच राहिला. वासुदेवानं खांद्यावरचं पिवळं फडकं त्याच्या कमरेला गुंडाळलं. साचा मात्र असा निघाला, की मुस्यूनं त्याला कानस लावली नाही. पुढं बरीच वर्षं अर्बाब त्या सीटवर बसला आणि जो जो बसला तो तो म्हणे तासाभरानं विनाकारण रुसायचा.

तिकीट मिळायला चार दिवस गेले, त्यामुळं भिकाजी लग्नाच्या दिवशी सकाळी तांबाळवाडीत पोचला आणि तिथनं तसाच जीपनं नर्मदेच्या दारात. मांडवात वरपक्षाच्या स्वागताला नर्मदेचा मामा उभा होता. जीपमधनं हे एवढं मोठं धूड उतरताना बघून त्यानं नमस्कार केला. "या पावणं. तुमी नवऱ्याचं चुलतं का?"

"नवरा मीच हाय."

मामा हसला आणि जीपमधे मागं कोण आहे ते बघायला वाकला. कोणी नव्हतं. तो आत गेला. आतनं नर्मदेचा बाप फोटो घेऊन बाहेर आला. त्यानं फोटो भिकाजीच्या तोंडाशेजारी धरला, मग जरा लांब धरला. मांडवात कुजबूज सुरू झाली. वऱ्हाडाबरोबर आधीच आलेली म्हातारी रेडेकरीण मधे पडून छाती बडवून सांगायला लागली की हाच माझा ल्योक, कानामागला तीळ बघा. तिघा जणांनी तीळ बघितला. तरी नर्मदेचा बाप म्हणाला, की पोरीनं ह्याला होकार दिलेला नाही, फोटोतल्याला दिलेला आहे, तेव्हा तिला एकदा विचारलं पाहिजे.

भिकाजी तिथंच मांडवाच्या खांबाशी हात जोडून उभा राहिला. एवढ्या लांबनं येऊन आता इथं माप चुकायची पाळी.

हिरवा चुडा भरलेली नर्मदा दाराआडनं बाहेर आली. आजूबाजूला बघितलं नाही, लाजली नाही. शिवणारीच्या नजरेनं तिनं भिकाजीला खांद्यापासनं पायापर्यंत आणि पायापासनं खांद्यापर्यंत बघितलं.

"ह्योच का?" तिनं बापाला विचारलं. "का ह्यातनं आजून कोन निघायचाय?"

"एवढाच हाय," भिकाजी म्हणाला.

"मग अक्षता वाटा," नर्मदा म्हणाली. "आन् कोट माज्याकडं द्या. शिवणी उसवून आनते. भटजींना सांगा, हळूहळू म्हना."